मीटरमधला पिवळा दिवा



सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या. दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी लागेल, मग मळणी, मग कट्टे भरून बाजार समितीची वाट. या महिन्या-दीड महिन्यात गाडी अडली तर नुसता गॅरेजचा खर्च होत नाही. माल भिजतो, भाड्याच्या गाडीसाठी दहा जणांच्या विनवण्या कराव्या लागतात, आणि भाव काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून या खेपेस उंटअळी आणि चक्रीभुंगा जरा बाजूस ठेवून गाडीविषयी लिहितो. शेतकी पदवीच्या माणसाने इंजिनात कशाला नाक खुपसावे, असे काहींना वाटेल. अकोल्याला शिकत असताना आम्हांला ट्रॅक्टर आणि अवजारे हा विषय होता खरा, पण त्यातले आजच्या गाडीला लागू पडेल असे फार थोडे. बाकीचे लोकांच्या गाड्यांपाशी उभे राहून शिकलो, आणि काही स्वतःच्या खिशाला चाट बसून.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात शिरपूरच्या बाजूच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा सकाळीच फोन आला. "साहेब, पिवळा लाइट लागला अन् गाडी ओढूनच नाही राह्यली." गाडी म्हणजे तीन वर्षांची डिझेल पिकअप, मागे पंचवीस कट्टे सोयाबीन. लहानशा चढालाही दम धरीना. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात मिस्त्रीने बॅटरीची वायर काढली, चहा होईपर्यंत थांबला आणि परत लावली. दिवा गेला. दोनशे रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून पाहिले. "हवेचा सेन्सर गेला" असे सांगून नवा बसवला, साडेपाच हजार घेतले. दिवा पुन्हा गेला, आणि दुसऱ्या खेपेस माल भरून निघाले तर अर्ध्या वाटेवर पुन्हा लागला. त्याच दुपारी परतीचा पाऊस आला. फाटक्या ताडपत्रीखाली चार तास माल उभा. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की बाजारात काय होते ते तुम्हांला सांगावयास नको.

शेवटी वाशीमच्या एका तरुण कारागिराने पान्हा हातात घेण्याआधी कोड काढून वहीत लिहिला आणि बोनेट उघडून त्या सेन्सरच्या वायरीवरून हळूहळू बोट फिरवीत गेला. मागच्या बाजूस, जिथे नजर पोचत नाही तिथे, वायर उंदराने कुरतडलेली. एक तार तेवढी टेकून होती. गाडी हलली की सुटे, हात लागला की चिकटे. इंजिनावर कुटाराचे घरटेही सापडले. पिकअप रात्रीची सोयाबीनच्या गंजीशेजारी उभी असे. वायर जोडली, वर नळी चढवली, दीडशे रुपये झाले. काढून टाकलेला जुना सेन्सर त्याने परत बसवून दाखवला. आजही तोच चालू आहे.

आता यात चुकले कोठे? दुसऱ्या गॅरेजातले मशीन खोटे बोलले नव्हते. त्याने जो कोड दाखवला तो होता पी-०१०२, म्हणजे "हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटात संदेश कमी येतो". यातला सर्किट हा शब्द मोलाचा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा प्लग आणि तिथपासून संगणकापर्यंतची वायर, अशी तिघे. संशय तिघांवर होता. मिस्त्रीने पकडला तो सर्वांत महाग.

सोयाबीनचे पान पिवळे पडते तेव्हा आपण काय करतो, ते आठवा. कोणी युरिया फेकतो, कोणी दुकानदार देईल ते फवारतो. पण पान पाणी साचल्यानेही पिवळे पडते, चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्यानेही पडते आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या पिवळ्या मोझॅकनेही पडते. मोझॅकला युरिया देऊन पैसे मातीत घातलेले शेतकरी मी दरवर्षी पाहतो. गाडीचा कोड हा त्या पिवळ्या पानासारखा आहे. कोणत्या धुऱ्यावर जाऊन पाहावे एवढे तो नेमके सांगतो. तो औषधाची चिठ्ठी नव्हे.

हे कोड तयार होतात कसे, तेही थोडे पाहू. इंजिनाजवळ एक लहानसा संगणक असतो. मिस्त्री मंडळी त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिनात ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर त्याला पाण्याचे तापमान, येणारी हवा, डिझेलचा दाब, इंजिनाचे फेरे असे सगळे विजेच्या दाबाच्या रूपाने कळवीत असतात, आणि त्यावरून किती इंधन सोडावयाचे ते तो ठरवतो. काय शक्य आणि काय अशक्य याचा हिशेबही त्याच्यात भरलेला असतो. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली तर पुष्कळ गाड्यांत संगणकाला तापमान उणे चाळीस अंश दिसते. वाशीमच्या मे महिन्यात उणे चाळीस! संगणक ते मानत नाही, कोड नोंदवतो आणि दिवा लावतो.

पुष्कळ दोषांच्या बाबतीत तो पहिल्या फेरीत दिवा लावत नाही, नुसती कच्ची नोंद करतो. दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला की नोंद पक्की होते आणि दिवा लागतो. त्याच वेळी एक क्षणचित्रही तो साठवतो: तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, किती ओझे ओढीत होते. पंचनामाच म्हणा. बॅटरीची वायर काढली किंवा मशीनचे बटण दाबून कोड पुसला की हा पंचनामाही जातो. मालेगावच्या चढाला दोष आला की सकाळच्या थंड इंजिनात आला, हे मग कारागिराने कसे ओळखावे? पहिल्या मिस्त्रीने दोनशे रुपयांत नेमके हेच नुकसान केले, आणि आपण त्याला दुवा देत घरी आलो.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. दोष पुन्हा दिसला नाही तर साधारण तीन फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. पण कोड आत राहतो. इंजिन थंड होऊन पुन्हा तापण्याचे असे चाळीसेक वेळा घडेपर्यंत तो सहसा पुसला जात नाही. म्हणजे दिवा विझला तरी काही दिवस कारागिराला वाचण्याजोगे बरेच शिल्लक असते. "आता तर लाइट गेला" म्हणून गाडी दाखवायचे टाळू नका.

कोडाची अक्षरे पाच. पहिले इंग्रजी अक्षर पी असेल तर मामला इंजिन-गिअरबॉक्सचा, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंगकडचा, बी असेल तर बॉडीचा, आणि यू असेल तर गाडीतल्या दोन संगणकांचे आपसांत बोलणे तुटलेले. दुसऱ्या जागी सहसा शून्य किंवा एक असतो. पी-पुढे शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, एक म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी एक किंवा दोन असल्यास इंधन आणि हवा, तीन असल्यास ठिणगी व सिलिंडरचा चुकलेला ठोका, चार असल्यास धूर शुद्ध करणारी यंत्रणा. शेवटचे दोन आकडे नेमका दोष सांगतात. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतो, पी-०३०२ म्हणजे दुसऱ्याचा. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या मोटारींना ही सारखी भाषा सक्तीची झाली. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले आणि तुमच्या दारातल्या पिकअपपासून पोरीच्या स्कूटरपर्यंत हा पिवळा दिवा पोचला.

दहावीतला मुलगा हे तासाभरात शिकेल. चारचाकीत स्टिअरिंगच्या खाली सोळा खाचांचा एक प्लग असतो. त्यात लावून मोबाइलवर कोड वाचण्याची डबी हजार रुपयांच्या आगेमागे मिळते. गावात चार जणांत मिळून एक घेतली तरी पुरे. अट एकच: वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि पुसण्याच्या बटणाला हात लावू नका. काम झाले की डबी काढून ठेवा, नाही तर ती बॅटरी पीत बसते.

गॅरेजात गेलात तरी आधी कोड कागदावर मागा. "सेन्सर गेला" एवढ्यावर मान डोलवू नये. वायर पाहिली का, प्लग काढून साफ केला का, हे अदबीने विचारावे. चांगला कारागीर रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे पुढच्या वेळी जाऊ नये.

डिझेल गाड्यांत एक कोड वारंवार भेटतो, पी-००८७. इंधनाच्या मुख्य नळीत दाब कमी पडतो, असा त्याचा अर्थ. हे ऐकताच पंप गेला म्हणून पंचवीस-तीस हजारांचा आकडा सांगणारे आहेत. पंप जातोही, नाही असे नाही. पण आधी डिझेल फिल्टर पाहावा. कॅनमधून, उघड्या डब्यातून डिझेल ओतण्याची आपली सवय. त्यात धूळ जाते, पावसाळ्यात पाणी जाते, आणि फिल्टर चोंदतो. फिल्टरखालच्या बोल्टातून पाणी काढणे, फिल्टर बदलणे, नळीत कोठे हवा ओढली जाते का ते पाहणे, एवढ्यात पुष्कळदा निभावते.

येथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. जुन्या ट्रॅक्टरचे एअर काढताना आपण नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून स्टार्टर मारतो. ही सवय नव्या कॉमन रेल गाडीवर कदापि चालवू नका. जुन्या पंपाचा फवाराही अंगावर घेण्यासारखा नव्हेच, पण या नळीत इंजिन चालू असताना हजार बारहून अधिक दाब असतो. बारीक फटीतून सुटलेली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे, आणि तेवढ्यात आत मांस सडू लागते. असे कोणाला झालेच तर हळद लावून घरी बसू नका. तासांचा प्रश्न असतो, बोट किंवा हात गमवावा लागतो. सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि "डिझेल आत गेले आहे" हे डॉक्टरांना सांगा.

बीएस-सहा डिझेल गाडीत आणखी एक नवी चीज आहे, धुरातली काजळी अडवणारी जाळी. मिस्त्री तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी अधूनमधून आपणच जाळते, आणि त्यासाठी आतली उष्णता सहाशे अंशांच्या घरात जाते. हे जळणे पूर्ण व्हावयास गाडी वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत चालावी लागते. आपली पिकअप शेत ते घर, घर ते डेअरी अशी दोन-दोन किलोमीटर फिरते. काजळी जळायला लागते न लागते तोच आपण चावी फिरवतो. असे दहादा झाले की जाळी भरते, दिवा लागतो आणि गाडी ओढणे सोडते. जाळीचा दिवा लागला तर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर काढून एकसारखी चालवावी. तेवढ्यानेच बहुधा भागते. दुर्लक्ष करून कट्टे ओढत राहिलात तर मात्र जाळी काढावी लागते आणि ते स्वस्त काम नव्हे. अशा गाड्यांत ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. जळण अर्धवट राहिल्याने डिझेल ऑइलात उतरलेले असते, ऑइल बदलावे.

आणि मळणीच्या जागी गाडी कुटारावर उभी करू नका! काजळी जळत असताना सायलेन्सरकडची बाजू एवढी तापते की वाळलेले कुटार पेट घेऊ शकते. गाडी, थ्रेशर आणि वर्षाची गंजी एका ठिकाणी असते, हे तुम्हीच पाहता. दहा पावले दूर, मोकळ्या जमिनीवर लावा.

आता सगळेच दिवे सारखे नाहीत. लाल तेलाची किटली किंवा लाल थर्मामीटर दिसला तर पुढच्या गावाचाही विचार करू नका. बाजूस घ्या, इंजिन बंद करा. तिथे दोन किलोमीटरचा हट्ट पूर्ण इंजिनाच्या किमतीचा ठरतो. पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. बेताने चालवा, ओझे कमी करा, दोन-चार दिवसांत दाखवा. पेट्रोल गाडीत तोच दिवा मिचकावू लागला तर गोष्ट वेगळी. सिलिंडरात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या शुद्धीकरणाच्या भागात जाऊन जळते आणि तो महागडा भाग खराब होतो. वेग उतरवा आणि जवळच्या ठिकाणी थांबा. डिझेल गाडीत सकाळी जे पिवळे स्प्रिंगचे चित्र दिसते ते इंजिन गरम करण्याचे होय. ते विझले की स्टार्टर मारावा, एवढाच त्याचा निरोप.

मोटारसायकल-स्कूटरचा जोड वेगळा असतो, चारचाकीची डबी तिथे सहसा बसत नाही. मात्र काही दुचाकींत दिवाच मिचकावून कोड सांगतो, लांब मिचकावणे म्हणजे दहा आणि छोटे म्हणजे एक. एकदा लांब आणि दोनदा छोटे म्हणजे बारा. त्याचा तक्ता कंपनीच्या कारागिराकडे असतो; तुम्ही मोबाइलवर दिव्याचे चित्रण करून त्याला दाखवले तरी त्याचे निम्मे काम होते. तायांनो, कॉलेजला किंवा बँकेच्या कामाला जाताना स्कूटरचा दिवा लागला तर वाटेत कोणी "वायर काढून देतो" म्हटले तरी काढू देऊ नका. आणखी एक गंमत. गाडी डबल स्टँडवर लावून चेन साफ करण्यासाठी मागचे चाक फिरवले की काही मोटारसायकलींत एबीएसचा दिवा लागतो. मागचे चाक पळते आणि पुढचे उभे, हे त्या संगणकाला पटत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालवली की बहुधा जातो. माझ्याच गाडीला असे झाले तेव्हा मी सुटी टाकून सर्व्हिस सेंटरला गेलो होतो, आणि तिथवर पोचेतो दिवा विझला होता.

ट्रॅक्टरवाल्यांना थोडक्यात. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरच्या आतले, साध्या पंपाचे आहेत. त्यांना हे कोड नाहीत आणि त्याबद्दल दुःखही नको. पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले, त्यामुळे त्यात संगणक आणि कॉमन रेल आले. तसा ट्रॅक्टर घेतला असेल तर वरचे सगळे तुम्हांलाही लागू आहे. आणि संगणकाच्या कोणत्याही वाहनाला वेल्डिंग मारावयाचे झाले तर आधी बॅटरीचे टर्मिनल काढून घ्या. कोड पुसला जाईल म्हणून आधी वाचून घ्यावा, पण टर्मिनल काढावेच. संगणक जळाला तर वाचायला कोड उरणार नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी चावी फिरवून, इंजिन चालू न करता मीटर पाहावे. पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. चावीला लागतच नसेल तर दिवा कोणीतरी काढला आहे किंवा झाकला आहे असे समजावे. मशीनवर "तपासण्या अपूर्ण" असे दिसले तर कोड नुकतेच पुसले असण्याचा संभव असतो. मग दोन दिवस चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

उंदरांचे राहिले. गाडी गंजीपासून आणि गोदामापासून दूर लावावी, हंगामात आठ दिवसांनी बोनेट उघडावे, घरटे दिसले तर काढावे. बोनेटमध्ये तंबाखू ठेवणारे पुष्कळ आहेत, मला त्याचा भरवसा वाटत नाही. झिंक फॉस्फाइडचे आमिष मात्र बोनेटखाली ठेवू नका. ते सांडते, हाताला लागते, आणि घरात लहान मुले असतात. पिंजरा बरा.

शिरपूरच्या त्या घरी परवा गेलो होतो. सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे गाडीची नोंद ठेवली आहे: तारीख, किलोमीटर, कोड, काय केले, किती लागले. शेवटची ओळ ऑगस्टातली. "१२ तारीख, पिवळा लाइट, पी-००८७. डिझेल फिल्टर बदलला." पुढे रक्कम लिहिली आहे, आणि कंसात, "कॅनला जाळी आणणे."